कपडेपटाला तालमीत जागा द्या

संपादक महोदय,

नाटकाच्या परीक्षणात वेशभूषेच्या वाट्याला बहुधा शेवटची एक ओळ येते, आणि तीही कपडे कोणी आखले याबद्दल. तेच कपडे शंभराव्या प्रयोगाला पहिल्यासारखे दिसावेत म्हणून विंगेत उभ्या असणाऱ्या माणसाचा तिथे उल्लेख नसतो. उल्लेख नसला तरी चालेल. आमचे म्हणणे एवढेच, की कपडेपट सांभाळणाऱ्याला रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी नव्हे, कपडे शिवायला टाकण्याआधी बोलवावे. प्रयोगात कपड्यांचे जे घोळ होतात, त्यातले बरेचसे शिलाईतच ठरून गेलेले असतात.

दोन प्रवेशांमधला झटपट बदल घ्या. कागदावर ४० सेकंद दिसतात. पण नट डावीकडून बाहेर आला आणि त्याला पुढची एन्ट्री उजवीकडून असली, तर नेपथ्यामागून काळोखात वळसा घालण्यातच १२ ते १५ सेकंद जातात. उरलेल्या २५ सेकंदांत पॅन्ट, शर्ट, कोट आणि बूट. हे घाईने होत नाही, मांडणीने होते. बूट नाड्या सैल करून (खरे तर नाडीच्या जागी इलॅस्टिक ओवून) जमिनीवर ठेवायचे आणि पॅन्टचे दोन्ही पाय गोळा करून बुटांभोवती कड्यासारखे बसवायचे. नट पाय टाकतो तो पॅन्टमधून थेट बुटात. एकाने पॅन्ट वर ओढायची. दुसऱ्याने मागे उभे राहून शर्ट आणि कोट, जे आधीच बाह्यांत बाह्या घालून एक केलेले असतात, एकदम चढवायचे. नटाने हात मागे सोडून नुसते उभे राहायचे आणि श्वास घ्यायचा. तो मदत करायला गेला की चार हातांचे सहा हात होतात आणि बटण कोणाच्याच हाती लागत नाही.

हा क्रम आधी उजेडात, सावकाश, पाच-सहा वेळा करावा लागतो. मग घड्याळ लावून. मग मंद निळ्या दिव्यात. पहिल्या खेपेला वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. नेमकी हीच तालीम वेळापत्रकातून गळते, आणि पहिल्या प्रयोगाला काळोख लांबला की दोष विंगेतल्या माणसावर येतो. सगळे झाले नाही तर काय सोडायचे, हेही तिथेच ठरवून ठेवायचे असते. टाय राहिला तर चालतो, पॅन्टचा हूक राहून चालत नाही.

वेल्क्रोबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण झटपट बदल म्हटले की सगळ्यांना आधी तोच सुचतो. आम्हाला तो फारसा आवडत नाही. काळोखातल्या शांततेत तो सोडताना होणारा फर्रकन आवाज प्रेक्षागृहात लांबवर ऐकू जातो. त्याची काटेरी बाजू जाळी, लेस आणि लोकरी कापड पकडते, शिवाय धुताना उघडी राहिली तर धागे आणि केस भरून दोन-तीन आठवड्यांत तिची पकड जाते. वापरायचाच तर काटेरी बाजू अंगाकडे तोंड करून लावू नये आणि धुण्याआधी पट्ट्या मिटवून टाकाव्यात. शर्टासाठी मोठी टिचबटणे बरी: वरून खरी बटणे नुसती शोभेला शिवायची, आतून टिचबटण. अंगाला तंग बसणाऱ्या, ताण येणाऱ्या जागी मात्र टिचबटण श्वासासरशी सुटते. तिथे हूक किंवा जाड दातांची चेनच हवी. चेनच्या दातांवर मेणबत्ती घासली तर ती अडत नाही. ती बहुतेक वेळा अडते ती आतले अस्तर दातांत गेल्यामुळे, म्हणून अस्तर चेनपासून बोटभर मागे टिपून घ्यावे, हे शिंप्याला आधी सांगावे लागते. आणि सेफ्टी पिन हा त्या रात्रीपुरता इलाज आहे. दुसऱ्या दिवशी तिथे टाका पडलाच पाहिजे.

वायरलेस माइक आल्यापासून एक काम वाढले. ट्रान्समीटरची पिशवी कमरेला किंवा पाठीला असते, वायर मानेवरून वर जाते. डोक्यावरून काढायचा कुर्ता त्या वायरीसकट ओढला जातो आणि पुढचा अख्खा प्रवेश आवाजाविना जातो. ज्याला माइक आहे त्याचा बदलायचा कपडा पुढून किंवा मागून पूर्ण उघडणारा हवा, हे कापड बेतताना ठरले तरच जमते.

घाम हा आमचा रोजचा शत्रू. भरजरी कोट किंवा मखमल प्रत्येक प्रयोगानंतर धुता येत नाही. म्हणून आत सुती बनियन, काखेत सुटे कापडी पॅड, आणि दोन्ही रोज धुवायचे. कोट उलटा करून अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळून त्याचा बारीक फवारा मारायचा आणि पंख्याखाली वाळवायचा. याने वास जातो, डाग जात नाही. आधी आतल्या शिवणीवर मारून रंग उतरतो का ते पाहायचे, आणि फवारा ओला असेपर्यंत जवळ इस्त्री किंवा आग आणायची नाही. मखमलीवर इस्त्री टेकवली की लव दबते आणि तो चौकोन दिव्याखाली कायम चमकतो. तिला उलट बाजूने, अंतरावरून नुसती वाफ द्यावी.

नाटकातले रक्त पाकात खायचा रंग घालून केले असेल तर त्यात थोडा द्रव साबण मिसळावा, डाग सहज सुटतो. तोंडातून येणाऱ्या रक्तात अर्थात साबण चालत नाही. ती बाटली वेगळी आणि लेबलही वेगळे. डाग पडल्यावर कपडा लगेच थंड पाण्यात, उलट बाजूने धार सोडून. अर्धवट गेलेल्या डागावर इस्त्री फिरली की तो पक्का बसतो. कॉलरवरचा मेकअप तेलकट असतो, म्हणून आधी कोरड्या कापडावरच भांड्यांचा द्रव साबण चोळायचा, पाणी नंतर. रक्ताचा शर्ट एकच शिवला आणि दिवसाला दोन प्रयोग लावले, तर दुसऱ्या प्रयोगाला नट ओला शर्ट घालतो. यात धुणाऱ्याची काय चूक?

धुण्याआधी खिसे पाहणे हेही आमच्याच माथी. नायिकेचे पत्र खिशात राहून लगदा झाले, की ते रंगसामग्रीवाल्याचे (रंगमंचावर वापरायच्या वस्तू सांभाळणाऱ्याचे) होते की कपडेपटाचे यावर वाद रंगतो. हे पहिल्या तालमीतच लिहून ठरवता येते.

शेवटचा मुद्दा तक्त्याचा. प्रवेश, पात्र, काय उतरते, काय चढते, कोणती विंग, किती सेकंद, कोण मदतीला, असे रकाने असलेला कागद दोन्ही विंगांत आणि ग्रीनरूममध्ये हवा. बहुतेक नाटकांत तो कागदावर नसतो, एकाच माणसाच्या डोक्यात असतो. तो माणूस तापाने पडला तर बदलीवाला काय करणार? तक्ता करायला तालमीचे दोन-तीन दिवस बसावे लागते. त्या दिवसांची नाईट (प्रयोगामागे मिळणारा मेहनताना) धरली जात नाही, म्हणून तक्ता होत नाही. निर्मात्यांनी ती धरावी.

– कपडेपटावर काम करणारे काही रंगकर्मी