गाडी सर्व्हिसिंगला देण्याआधी : चिपळूणच्या मित्रास पत्र

पुणे,
१२ जानेवारी २०२६

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेलं २०,००० किलोमीटरच्या सर्व्हिसचं एस्टिमेट ओळ न् ओळ वाचलं. त्यात तेरा ओळी आहेत. ऑइल, ऑइल फिल्टर, ड्रेन प्लगचं (जुनं ऑइल काढायच्या बोल्टचं) वॉशर, चाकांची अदलाबदल आणि तपासणीची मजुरी या पाच ओळी कंपनीच्या वेळापत्रकातल्या. बाकीच्या आठ वर्कशॉपने स्वतःहून जोडलेल्या. त्या सगळ्याच निरुपयोगी आहेत असं नाही, पण त्यांना हो म्हणायचं की नाही हे तू ठरवायचंस. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

आधी तिथली माणसं समजून घे. काउंटरवर तुझ्याशी बोलतो तो सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर. गाडीला हात लावतो तो टेक्निशियन, आणि तो तुला बहुधा दिसतही नाही. मध्ये फ्लोअर सुपरवायझर, शेवटी वॉशिंग, बिलिंग आणि गेटपास. तू काउंटरवर जे तोंडी सांगतोस त्यातलं टेक्निशियनपर्यंत पोचतं ते फक्त जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहिलेलं. बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं. गिऱ्हाईक म्हणतं, "सांगितलं होतं तरी केलं नाही," आणि टेक्निशियनच्या हातातल्या कागदावर लिहिलेलं असतं 'पेड सर्व्हिस, नॉइज चेक'. त्यावर तो बिचारा काय करणार? शिवाय प्रत्येक कामाला ठरलेला वेळ असतो आणि अ‍ॅडव्हायझरला जादा कामं विकण्याचं टार्गेट असतं. त्याच्यावर रागावून उपयोग नाही, कागद मात्र आपल्या हातात ठेवायचा.

तेव्हा जॉब कार्डवर लक्षण लिहून घे. निदान आपण करायचं नाही. 'सस्पेन्शन बघा' असं लिहिलंस तर काहीतरी बदलून देतील. 'इंजिन थंड असताना, २०च्या आत वेगात, छोट्या खड्ड्यावर पुढे डावीकडून टकटक. मोठ्या स्पीडब्रेकरवर येत नाही' असं लिहिलंस तर जाणता माणूस आधी स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीचा जोड) हलवून बघेल. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना कटकट येत असेल तर बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या (ड्राइव्ह शाफ्टच्या) चाकाकडच्या सांध्याचा संशय. तिथलं रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं लवकर दिसलं तर थोडक्यात भागतं, नाहीतर अख्खा ड्राइव्ह शाफ्ट बदलावा लागतो. ८०च्या वेगात ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर ब्रेकची डिस्क बघायची. व्हील बॅलन्सिंगने ते जाणार नाही. आवाज सांगता येत नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड कर, आणि टेक्निशियनला शेजारी बसवून जॉइंट टेस्ट ड्राइव्ह माग. मिळते, फक्त सकाळी लवकर जावं लागतं. शनिवार-रविवार टाळ, मंगळवार-बुधवार बरे.

गाडी देताना कार्डवर किलोमीटर, पेट्रोलचा काटा, असलेले ओरखडे, स्टेपनी, जॅक, पाना हे सगळं लिहिलंय ना बघ. मोबाइलवर गाडीभोवती एक फेरी मारून व्हिडिओ काढ, त्यात डॅशबोर्डही येऊ दे. आणि एक वाक्य हाताने लिही : 'एस्टिमेटच्या बाहेरचं कोणतंही काम फोनवर विचारल्याशिवाय करू नये, बदललेले सुटे भाग परत द्यावेत.' त्याखाली सही. हे वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे. जुने भाग परत मागितले की न बदलता बदलल्याचं लिहिणं बंद होतं. वॉरंटीत बदललेला भाग मात्र मागू नकोस. तो कंपनीला दाखवायला त्यांना ठेवावा लागतो.

आता त्या आठ ओळी. इंजिन फ्लश आणि ऑइल अ‍ॅडिटिव्ह सरळ काट. वेळेवर ऑइल बदललेल्या दीड वर्षाच्या पेट्रोल इंजिनात धुण्यासारखा गाळ नसतो, आणि फ्लशचं थोडं द्रव तळात राहून नव्या ऑइलमध्ये मिसळतं. योग्य ग्रेडच्या ऑइलमध्ये लागणारी रसायनं आधीच घातलेली असतात. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ करणं चांगलं काम आहे, पण गाडी उभी असताना इंजिनचा वेग (आयडलिंग) वरखाली होत असेल किंवा सिग्नलला गाडी बंद पडत असेल तेव्हाच. तुझ्या गाडीला त्यातलं काही नाही. एसी डिसइन्फेक्टंट म्हणजे बहुतेक वेळा वासाचा फवारा. कुबट वास येत असेल तर ग्लोव्ह बॉक्समागचं केबिन फिल्टर स्वतः काढून बघ. बहुतेक गाड्यांत स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही. ओलसर आणि काळं असेल तर बदल, आणि एसीच्या पाण्याची नळी तुंबलीय का ते बघायला सांग. पॉलिश आणि आतली सफाई हा हौसेचा भाग. हौस असेल तर बाहेर स्वस्तात होते.

अंडरबॉडी कोटिंगवर मात्र थांब. पुण्यातल्या मित्राला मी नको म्हटलं असतं. तू खाडीकाठी राहतोस, चार महिने धो धो पाऊस आणि खारा वारा, तेव्हा तुला ते उपयोगी आहे. पण तीन अटी : गाडी खालून धुऊन पूर्ण वाळलेली असावी, म्हणजे मार्च-एप्रिल गाठावा, दारांच्या आणि दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्यांच्या तळाशी असलेली पाणी निघायची भोकं बुजता कामा नयेत, सायलेन्सर आणि ब्रेकवर फवारा जाता कामा नये. ओल्या किंवा मातकट पत्र्यावर कोटिंग मारलं तर गंज आत झाकला जातो आणि आतल्या आत वाढतो. भोकं बुजली तर दारात पाणी साठून दारच कुजतं. आज घाईने करू नकोस. त्याऐवजी एस्टिमेटमध्ये नसलेलं एक काम सांगून करून घे : पुढचे ब्रेक खोलून साफ करणं आणि कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिनांना ग्रीस लावणं. दमट हवेत या पिना अडकतात, मग एक पॅड झिजतो आणि त्याच्या जोडीचा तसाच राहतो. राहिली आठवी ओळ, 'कन्झ्युमेबल्स', म्हणजे कामात वापरून संपणारं किरकोळ साहित्य. त्यात नेमकं काय वापरलं ते विचार. उत्तर मिळालं नाही तर ती काढायला सांग.

ऑइलचं थोडं सविस्तर सांगतो. तुझ्यासारख्या १.२ लिटरच्या इंजिनात फिल्टरसकट साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल बसतं. नेमका आकडा आणि ग्रेड मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर असते. वर्कशॉपमध्ये बॅरलमधून गनने भरतात, म्हणून बिलातले लिटर त्या आकड्याशी ताडून बघायचे. ड्रेन प्लगचं वॉशर काही रुपयांचं असतं, पण दर वेळी नवीनच हवं. जुनंच लावलं तर थेंब थेंब गळतं, आणि ते थांबवायला प्लग जास्त आवळला तर चेंबरचे आटे जातात. ऑइल कमी पडणं जसं वाईट तसंच जास्त भरणंही. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, त्यात घुसळतो, फेस होतो आणि वंगणाचा दाब पडतो.

भाग बदलायला सांगितला की माप विचारायची सवय लाव. "पॅड गेलेत" हे माप होत नाही. नव्या ब्रेक पॅडचं अस्तर साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असतं, २-३ मिलिमीटर उरलं की बदलायचं. अजून ५ असेल तर पुढची सर्व्हिस गाठण्याची शक्यता बरीच. बॅटरी बदला म्हणाले तर रात्रभर उभ्या गाडीचं व्होल्टेज विचार : १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. निम्मी असणं म्हणजे खराब असणं नव्हे, आधी चार्ज करून लोड टेस्ट (भार देऊन तपासणी) करायची. एसीत गॅस भरावा लागेल म्हणाले तर विचार, गेला कुठे? ती बंद यंत्रणा आहे. दीड वर्षात गॅस इतका कमी झाला म्हणजे गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार. आणि गॅस वजनाने भरतात. किती ग्रॅम ते बहुधा बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

व्हील अलाइनमेंटचे आधीचे आणि नंतरचे आकडे छापून माग. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत फक्त पुढच्या चाकांचा टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असणं) जुळवता येतो, कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) आणि मागची चाकं जुळवायची सोयच नसते. तेव्हा 'कॅम्बर अ‍ॅडजस्टमेंट' अशी ओळ दिसली तर कसं केलं ते दाखवायला सांग.

चेक इंजिनचा दिवा लागला तर स्कॅनरवर दिसणारा कोड लिहून घे. समज, पी-०३०१ आला. त्याचा अर्थ एवढाच की पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे, म्हणजे इंधन नीट पेटत नाही. कॉइल (प्लगला वीज देणारी), प्लग, इंजेक्टर (इंधन फवारणारा), कशानेही होतं. नीट काम करणारा टेक्निशियन पहिल्याची कॉइल दुसऱ्याला लावून बघतो. कोड पी-०३०२ झाला तर कॉइलच खराब. तसाच राहिला तर पुढे प्लग, मग इंजेक्टर. पाच-दहा मिनिटांचं काम. हे न करता चारही कॉइल बदला म्हणणं म्हणजे निदानाचा खर्च तुझ्या खिशातून. हे सांगताना जराही संकोच करू नकोस. चांगल्या टेक्निशियनला असं विचारणारं गिऱ्हाईक आवडतं.

बिल आलं की सुट्या भागांची छापील किंमत बघ. एमआरपीत कर धरलेला असतो, तेव्हा मूळ दर आणि जीएसटी मिळून बेरीज एमआरपीच्या वर जाता कामा नये. २२ सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के आहे. आधी बऱ्याच भागांवर २८ होता. मजुरीवरही १८च.

वॉरंटीचं तू विचारलंस. मारुतीने जुलै २०२४पासून नव्या गाड्यांना ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी मूळ वॉरंटी केली आहे, आणि तुझी गाडी त्यानंतरची, तेव्हा तिची वॉरंटी अजून चालू आहे. टायर आणि बॅटरीचा दावा मात्र त्या त्या उत्पादकाकडे जातो. बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी जाते का? ऑगस्ट २०१४मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींहून अधिक दंड केला, तेव्हाच्या आदेशात होतं की केवळ बाहेरच्या मेकॅनिककडे गेल्याच्या कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. माझं मत विचारशील तर वॉरंटी आहे तोवर वेळापत्रकातली सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच कर, बिलं जपून ठेव आणि तारीख चुकवू नकोस. किलोमीटर कमी झाले तरी महिन्यांची अट लागू असते. वायर कापून हॉर्न किंवा लाइट बसवू नकोस, कपलरवालेच, म्हणजे वायर न कापता जोडता येणारेच घे. वायरिंगचा दावा नाकारायला कापलेली वायर पुरते. आणि उंदरांनी कुरतडलेली वायर वॉरंटीत येत नाही, तेव्हा बॉनेट अधूनमधून उघडून बघत जा.

पुराचं तुला वेगळं सांगायला नको. २२ जुलै २०२१ चिपळूणमध्ये कोण विसरेल? बुडालेली गाडी कोणी कितीही सांगितलं तरी स्टार्ट मारून बघायची नाही. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन प्रोटेक्शनचं अ‍ॅड-ऑन नसेल तर विमा कंपन्या तो खर्च सहसा 'परिणामी नुकसान' म्हणून नाकारतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, फोटो काढायचे, विमा कंपनीला कळवायचं आणि गाडी उचलून न्यायची. जूनच्या आत हे अ‍ॅड-ऑन आहे का ते पॉलिसीत बघ.

काम बिघडलंच तर त्याच दिवशी वर्क्स मॅनेजरला भेट आणि नवं जॉब कार्ड उघडायला लाव. 'असंच आणा, बघून देतो' यावर परत येऊ नकोस. नाही जमलं तर कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार करून नंबर घे, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानुसार तू राहतोस त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीला, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. सर्व्हिसनंतर दोन-चार दिवसांत गुणांसाठी फोन येईल, अ‍ॅडव्हायझरने दहापैकी दहा द्यायची विनंती केलेली असेल. काम अर्धवट असेल तर तसं स्पष्ट सांग.

गाडी ताब्यात घेताना बिल भरण्याआधी इंजिन बंद ठेवून पाच मिनिटं थांब, डिपस्टिक पुसून ऑइलची पातळी बघ. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा लागल्यात का बघ, त्या एखाददुसरी राहतेच. चाकांचे नट गनने आवळतात. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतं, गनने त्याच्या कितीतरी वर जातं आणि रात्री घाटात पंक्चर झालं की साध्या पान्याने नट सुटत नाहीत. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) लावायला सांग, समोर उभा राहा. घरी आल्यावर रात्री इंजिनखाली वर्तमानपत्र पसरून ठेव, सकाळी डाग आहे का बघ. एसीचं पाणी असेल तर ते वाळून जातं. तेलकट डाग राहिला तर फोटो काढ आणि त्याच दिवशी वर्कशॉप गाठ.

नवं एस्टिमेट आलं की पाठव, बघून लगेच कळवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मकरंद