पॉलिशपेपर

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वैतागलास, "बाबा, दीड महिना नुसता पॉलिशपेपर मारतोय, याच्यासाठी इटलीला आलो का?" मला हसू आलं. आईला ते आवडलं नाही. मग दहावीपासून तुझ्या भिंतीवर असलेल्या त्या रिवा कंपनीच्या बोटीचं घराणं कसलं, ते वाचत बसलो.

पिएत्रो रिवा 1842 साली इटलीतल्या इसेओ सरोवराकाठी सारनिको गावी आला, तो शेटजींच्या नौका बांधायला नव्हे. वादळात कोळ्यांच्या होड्या मोडल्या होत्या, त्या दुरुस्त करायला. म्हणजे आपलाच धंदा! मुलगा एर्नेस्टोने होडीला इंजिन बसवलं, नातू सेराफिनो शर्यतीच्या बोटींमागे लागला. पणतू कार्लोला मात्र हौसेच्या बोटी एकामागून एक काढायच्या होत्या. बापलेकांचं त्यावरून चांगलंच वाजायचं म्हणे. शेवटी कार्लोचंच खरं झालं. (हे वाक्य तू वाचलं नाहीस असं समज.)

कार्लोची अक्वारामा ही बोट 1962 ची. तेव्हा सिनेरामा नावाचा रुंद, वळलेल्या पडद्याचा सिनेमा निघाला होता, त्यावरून हे नाव. समोरची काच तशीच वळवलेली. सोफिया लॉरेन, ब्रिजित बार्दो यांच्याकडेही रिवा होत्या. गाड्यावाल्या लाम्बोर्गिनीने तर 1968 मध्ये आपल्या गाडीची दोन इंजिनं तिच्यात बसवून घेतली. पैसा असला की माणसाला काय सुचेल!

मी अडकलो ते तिच्या महोगनी लाकडापाशी. व्हार्निशचे वीसेक हात, आणि प्रत्येक हात वाळला की पुन्हा घासायचं. आपण पडावाला तीन हात देतो आणि गिऱ्हाईक तेवढ्यावरही घासाघीस करतं.

1969 मध्ये कार्लोने कंपनी एका अमेरिकन कंपनीला विकली आणि दोन वर्षांत स्वतःही बाहेर पडला. शेवटची अक्वारामा 1996 ची. 2000 पासून रिवा फेरेत्ती या इटालियन यॉट कंपनीची. आता मोठ्या यॉट निघतात, फायबरच्या. आपल्या बंदरातही लाकूड कुठे उरलंय? कार्लो 2017 मध्ये गेला, 95 वर्षांचा होऊन.

सुट्टी मिळाली की सारनिकोला जाऊन ये. जुनी बोट दिसली तर फोटो नंतर काढ, आधी मालकाला विचारून डेकच्या कडेवरून हाताचं बोट फिरव. सांधा लागतो का, ते मला कळव. आणि शेवटच्या हाताआधी कितव्या नंबरचा पेपर मारतात तेही विचार. मी 220 च्या पुढे कधी गेलो नाही.

तुझे,
बाबा