अक्का, शनिवारच्या प्रार्थनेला एक नाव घे

अक्का,

नमस्कार गे. प्रतिभा कारंजीचे, तुमच्या कर्नाटकातल्या शाळांच्या कलागुण स्पर्धेचे, फोटो मिळाले. त्यातला तुझ्या शाळेतल्या त्या पोरानं केलेल्या मातीच्या बैलजोडीचा फोटो कालपासनं मोठा करून करून बघालोय, बैलांचं वशिंड, गळ्यातला सुतळीचा कंडा, वेसणीला तर त्यानं साधा शिवायचा दोरा ओवलाय, आणि एका बैलाची मान जोडीदाराकडं जराशी वळलेली आहे, म्हणजे हे पोर जू बांधताना जवळ उभं राहून बघणारं आहे, असलं कुणी शिकवून येत नाही. तू लिहिलीस की वर्गात तो तोंड उघडत नाही, वाचायला दिलं की मान खाली घालतो, आणि तोच क्लस्टरला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, मातीकामात पहिला आला. लय बरं वाटलं. आता तालुक्याला खानापूरला न्यायचं तर वडापचं भाडं, पोरांचा नाष्टा, काय लागंल ते माझ्याकडनं, तू पगारातनं घालू नको, दरवेळी तेच करतेस. कन्नड कंठपाठात दुसरी आलेल्या पोरीलाही शाब्बास सांग, घरात सगळी मराठी बोलणारी माणसं असताना तिनं केलंय ते, सोपं नाही.

इकडं लेस्टरला थंडी सुरू झाली, बाकी आम्ही मजेत. मुक्ताचं आप्पांना परत एकदा नीट सांग. इथं इंग्लंडात चौथीच्या पोरांची जूनमध्ये पाढ्यांची सरकारी टेस्ट असते, कॉम्प्युटरवर, 25 प्रश्न आणि एका प्रश्नाला 6 सेकंद, पाढे बारापर्यंतच, पण तेवढ्या वेळात उत्तर टाईपही करायचं असतं. आप्पांनी रविवारी व्हिडिओ कॉलवर तिच्याकडनं चालीत पाढे म्हणून घेतले ना, त्याचाच उपयोग झाला बघ, घरी सराव करताना ती ओठातल्या ओठात सात सक बेचाळीस, सात सत्ते एकोणपन्नास म्हणायची आणि बोट आकड्यावर जायचं. टेस्टला 25 पैकी 25! फोनवर सांगितलं तेव्हा आप्पा नुसतं 'बरं बरं' म्हटले आणि फोन आईकडं दिला, पण नंतर आईच सांगत होती की संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर सगळ्यांना सांगून आले म्हणून.

पण मला तुला दुसरंच लिहायचंय. मुक्ताच्या शाळेत दर शुक्रवारी एक असेंब्ली असते, हॉलमध्ये सगळी पोरं खाली मांडी घालून बसतात, बारकी पुढं मोठी मागं, आणि हेडटीचर प्रत्येक वर्गातल्या एका पोराचं नाव घेतात, नुसतं नाव नाही, का ते पण सांगतात. गेल्या शुक्रवारी मुक्ताचं नाव होतं म्हणून आम्हाला बोलवलं होतं, पण माझ्या मनात राहिला तो दुसराच पोरगा. त्याच्या वर्गात एक नवीन पोरगी आलीय, इंग्लिशचा एक शब्द येत नाही तिला, तर हा आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत तिच्याशेजारी जाऊन बसला, तिला ताट कुठं ठेवायचं, पाणी कुठं मिळतं ते हातानं दाखवत राहिला, कुणी सांगितलं नव्हतं त्याला. एवढंच कारण. पोराचे कान लाल झाले, आणि मागं उभी असलेली त्याची आई, कामावरनं तशीच युनिफॉर्मवर आलेली, दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत रडत होती.

तेव्हा मला तुझी शाळा आठवली. आमच्यात कौतुक म्हटलं की दहावीचा निकाल, 625 पैकी किती पडले, पेपरात फोटो, गावच्या कमानीला फ्लेक्स. ते व्हायलाच पाहिजे, पोरं मरमर करतात. पण ते दहावीला. पहिली ते पाचवीच्या पोराला तोवर कोण चांगलं म्हणणार? तुझ्याकडं दोन मास्तर आणि पाच वर्ग, नलिकलीची म्हणजे पहिली ते तिसरीची पोरं एका खोलीत, चौथी-पाचवी दुसऱ्या खोलीत, त्यात सकाळचं दूध, दुपारचं जेवण, अंडी किती, केळी किती त्याचा हिशोब, कन्नडमधनं भरायचे रिपोर्ट. एवढ्यातनंही कोणतं पोर काय करतं ते तुला पक्कं माहीत असतं, तू फोनवर मला सांगतेस ना, ती वाडीवरची पोरगी जुलैच्या पावसात बारक्या भावाला पाठीवर घेऊन ओढा ओलांडून येते म्हणून. मला सांगतेस तेच शाळेत सगळ्यांसमोर सांग की.

शनिवारी सकाळची शाळा असते, प्रार्थना झाली की पाच मिनिटं काढ. एक पोर, एक कारण, मोठ्यानं. पण कारण नेमकं पाहिजे हं, 'हुशार आहे', 'गुणी आहे' असलं नको, काय केलं ते सांगायचं. आणि हजेरीतल्या प्रत्येकाचा नंबर वर्षात एकदा तरी आलाच पाहिजे, नाहीतर परत तीच चार पोरं पुढं येतात. जमलं तर त्या दिवशी आईला नाहीतर बापाला बोलव, कामाचा दिवस असतो, पण अर्ध्या तासासाठी येतील. इंग्लिश मीडियमची व्हॅन गावात यायला लागल्यापासनं पट कमी होतोय म्हणून तू काळजी करतेस, मला वाटतं आपल्या पोराला ह्या शाळेत कोणतरी बघतंय हे आईबापाला कळलं तर त्यांना पोर काढून न्यायचं जड जाईल. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या समितीच्या मीटिंगला विषय काढ, अध्यक्ष नाही म्हणणार नाहीत. कार्डं बेळगावात छापून घे, मराठीतनं, साधीच पण जाड कागदाची, पोरं ती घरी भिंतीला लावतात. पैसे मी पाठवतो.

पहिल्या शनिवारी कुणाचं नाव घ्यायचं ते तूच ठरव, तरी मला विचारशील तर ती वाडीवरची पोरगी. बैलवाल्याचं नाव तसंही तालुक्याला होईल.

आईला सांग काजूचं पार्सल मिळालं, मुक्तानं निम्मे संपवले. आप्पांच्या बीपीच्या गोळ्या संपायच्या आधी आणून ठेव. हे पत्र गडहिंग्लजला ताईलाही पाठव, ती पण अंगणवाडीत पोरं सांभाळते, तिला काय वाटतं ते विचार. आणि तालुक्याचा निकाल लागला की लगेच फोन कर, तिकडं रात्रीचे दहा वाजले तरी इकडं संध्याकाळच असते, मी कामावरनं सुटलेला असतो.

तुझा
बाळू