मायामीहून आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणून फोन तिच्या हातात दिला असता. म्हणून लिहिते. हॉस्पिटलची नोकरी सोडली. पहिल्या तारखेपासून इथल्या क्युबन बॉक्सरांच्या एका जिममध्ये फिजिओ म्हणून लागलेय. म्हणजे दिवाळीनंतर कायमचं परतायचं ठरलं होतं, ते पुढे गेलं.

कागदपत्रं नीट आहेत, विमा आहे, घर तेच. पगार जरा कमी, पण रात्रपाळी नाही. जेवणाचं म्हणशील तर क्युबन लोक रोज भात आणि घेवड्यासारख्या काळ्या बियांची उसळ खातात, मी फक्त आपला मसाला घालते. आणि आई, मला कुणी ठोसे मारत नाही. मी त्यांचे खांदे, मनगटं, पाय बघते.

बाबा, तुम्ही तरी समजून घ्या. 2008 ला विजेंदर बीजिंग ऑलिम्पिकची बॉक्सिंग सेमीफायनल हरला तेव्हा सगळी आळी हळहळत होती आणि तुम्ही एकटे त्याला हरवणाऱ्या क्युबाच्या एमिलिओ कोरेआचे पाय बघत होता. "याच्या बापानं म्युनिकला सोनं घेतलंय," म्हणालात. आपल्या पोरांना शिकवणारे फर्नांडिसही क्युबाचेच, हे शेजाऱ्यांना किती वेळा ऐकवलंत! तेच पाय मी आता रोज हातात धरते.

तुमचा देव म्हणजे क्युबाचा बॉक्सर स्टीव्हन्सन. ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदकं, आणि अलीशी लढायला लाखो डॉलर पुढे केले तरी बेट सोडलं नाही. मान्य. पण क्युबाचं बॉक्सिंग त्याच्यापासून सुरू झालं नाही. किड चॉकलेट 1931 मध्येच जगज्जेता झाला होता, पैशासाठी लढून. किड गाव्हिलानचा तो खालून वळून येणारा ठोसा तर ऊस तोडता तोडता बसलेला, आपल्या तोडकऱ्यांच्या हाताला बसतो तसा. क्रांतीनंतर सरकारनं व्यावसायिक बॉक्सिंगच बंद केलं. मग रॉड्रिगेझ मायामीत, नापोलेस आणि रामोस मेक्सिकोत राहिले आणि तिथून जगज्जेते झाले.

कासामायोरनं 1992 ला बार्सिलोनात सोनं आणलं, बक्षीस मिळाली सायकल. 1996 ला अटलांटा ऑलिम्पिकच्या तोंडावर तो संघ सोडून निसटला. तुम्ही याला फितुरी म्हणाल, मला म्हणवत नाही. रिगाँदो तर 2007 ला ब्राझीलमध्ये संघातून पळाला, सापडला, परत पाठवला गेला, संघातून गेला. 2009 ला बाहेर पडला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. 2013 ला न्यूयॉर्कमध्ये दोनाइरेला त्यानं असा चुकवत चुकवत हरवला की प्रेक्षकच वैतागले. तुम्ही असता तर खुर्चीवर उभे राहिला असता! ठोसा मारायचा पण खायचा नाही, ही त्यांची शाळा. इथल्या तिकीटवाल्यांना रक्त हवं असतं. शिवाय ही पोरं हौशीतल्या शेकडो लढती खेळून येतात, म्हणजे सांधे आधीच झिजलेले. माझं काम तिथे आहे.

आई, तू विचारशील, पुढे यांना बघतं कोण? गाव्हिलान 2003 ला याच शहरात गरिबीत गेला. थडग्यावर चांगला दगड बसवला तो नंतर, टायसन वगैरे बॉक्सर मंडळींनी.

2022 पासून क्युबानं व्यावसायिक लढतींना परवानगी दिलीय, पण संघ सोडून पळालेल्यांना वर्षानुवर्षं घरी जाता येत नाही. आमच्यातला एकजण पट्टी बांधून घेताना आईशी व्हिडिओवर बोलतो. तेव्हा मला तुमच्या स्वयंपाकघरातला कुकर ऐकू येतो. माझ्याकडे तर पासपोर्ट आहे, तिकिटाचे पैसे आहेत, तरी मी येत नाही. हे मला रोज बोचतं, एवढं समजा. पावसाळ्याआधी महिनाभर येते, रजा बोलून ठेवलीय. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपणार आहे, पाय दुखले तरी हलायचं नाही.

तोवर: बाबा, बीपीची गोळी "बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नाही. स्कूटरची किल्ली दादाकडे द्या, वाद नको. आई, गुडघ्याचे व्यायाम सकाळी दहा, संध्याकाळी दहा. व्हिडिओ काढून पाठव, मी मोजणार आहे. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घ्या, पैसे टाकलेत. त्या पैशांची भिशी लावू नकोस.

शनिवारी फोन करते. रागवायचं असेल तर दोघांनी एकदमच रागवा.

तुमची
छबू