डिस्चार्ज कार्डासोबत मराठीत एक पानही द्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

नौपाड्यात माझे औषधाचे दुकान आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडले की नातेवाईक डिस्चार्ज कार्ड घेऊन थेट आमच्याकडे येतात. गोळ्या मिळतात, पण कार्डावरच्या निदानाचा अर्थ त्यांना कुणी सांगितलेला नसतो आणि काउंटरवर रांग असताना मी तरी किती सांगणार?

कार्डावर अफेजिया, डिसआर्थ्रिया असे शब्द असतात. अफेजियात मेंदूतली भाषाच अडते. शब्द सापडत नाही, कधी समोरच्याचे बोलणेही उमगत नाही, लिहिणेही बहुधा बिघडते. डिसआर्थ्रियात शब्द डोक्यात तयार असतात, जीभ-ओठांचे स्नायू साथ देत नाहीत. अशा माणसाचा हात चालत असेल, तर तो पाटीवर लिहून सगळे सांगू शकतो. हा फरक ठाऊक नसला की ‘बाबांना आता काही कळत नाही’ असे घरात ठरते आणि बँकेचे, घराचे निर्णय त्यांच्यासमोरच, त्यांना वगळून होतात. अफेजिया झाला म्हणून विचारशक्ती गेली, असे होत नाही. कायमचा अफेजिया २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगतेत मोडतो. प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो, हेही बहुतेकांना माहीत नसते.

डिस्फेजिया मात्र वेगळाच, तो गिळण्याचा दोष. अशा रुग्णाला तहान लागली म्हणून भांडेभर पाणी पाजले तर ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. घरी पोचल्यावर पहिल्याच तासात कळायला हवे ते हे.

औषधांचेही तेच. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल प्लेटलेट्सना (रक्ताची गुठळी करणाऱ्या सूक्ष्म कणिकांना) एकमेकींना चिकटू देत नाहीत. वॉरफेरिन रक्त गोठवायला मदत करणाऱ्या व्हिटॅमिन केच्या विरोधात काम करते आणि हे व्हिटॅमिन पालेभाज्यांत भरपूर असते, म्हणून पालक-मेथी एक आठवडा भरपूर आणि पुढचा आठवडा बंद, असे केले की रक्ततपासणीतला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वरखाली होतो. (लोक यांना ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या’ म्हणतात, पण रक्त यातल्या कशानेच ‘पातळ’ होत नाही!) दात काढायचा म्हणून या गोळ्या परस्पर बंद करणारे तर नेहमीचेच, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, एवढी ओळ तरी छापलेली हवी.

ठाणे महापालिकेने आपल्या कळव्याच्या रुग्णालयापासून सुरुवात करावी. कार्डाला मराठीत एक पान जोडावे: काय बिघडले आहे, कोणती गोळी काय करते, काय टाळायचे. डॉक्टरांना वेळ नसतो हे आम्हालाही दिसते. पण मजकूर न्यूरोलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्टकडून एकदा तपासून घेतला की पुढे प्रत्येक रुग्णाला लागू असलेल्या ओळींवर फक्त खुणा करायच्या आहेत.

आपला,
एक औषधविक्रेता, नौपाडा, ठाणे