गोळ्यांच्या डब्याबद्दल

प्रिय आई बाबा,

फोनवर विषय काढला की बाबा म्हणतात तू कधीपासून डॉक्टर झालीस आणि आई फोन हॉलमध्ये नेऊन ठेवते, म्हणून लिहूनच पाठवतेय, दोघांनी मिळून वाचा.

दिवाळीत फ्रीजवरचा तो गोळ्यांचा डबा उघडून बघितला आणि खरं सांगते पोटात गोळा आला. बाबा, व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी आठवड्याला एक अशी ८ आठवडे लिहिली होती, चिठ्ठी डब्यातच आहे, ती मागच्या वर्षीची, आणि तुम्ही अजून दर रविवारी दुधातून घेताय. डी जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही, ते चरबीत साठत राहतं, मग रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ होते, पोट साफ होत नाही, सारखी तहान लागते आणि किडनीला त्रास होतो. तुम्हाला तहान लागते ती शुगरमुळेच असं आपण धरून चाललोय पण तपासल्याशिवाय कसं कळणार?

झिंकची गोळी तर कोरोनापासून चालूच आहे, तेव्हा सगळेच घेत होते, मीच आणून दिली होती. ५० एमजीची आहे ती, मोठ्या माणसाने रोज ४० च्या वर जाऊ नये म्हणतात आणि तुमच्या मल्टिव्हिटॅमिनमध्येपण झिंक आहेच. वर्षानुवर्षं जास्त झिंक गेलं की शरीरातलं तांबं कमी होतं, त्याने रक्त कमी होतं आणि पायाला मुंग्यापण येतात. मुंग्या तर तुम्हाला येतातच. त्याचं दुसरं कारण बी१२ असू शकतं, मेटफॉर्मिन, म्हणजे तुमची शुगरची गोळी, बरीच वर्षं घेतली की ते कमी होतं, त्यात तुम्ही मासे आणि अंडी दोन्ही सोडलंय. एवढा डबा भरलाय आणि बी१२ बघायचं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्यापण.

आई तू थायरॉइडची गोळी घेतेस आणि लगेच त्याच पाण्यासोबत कॅल्शियम, ते नको गं. कॅल्शियममुळे थायरॉइडची गोळी नीट लागूच पडत नाही, मध्ये ४ तास तरी जाऊ देत, म्हणजे कॅल्शियम दुपारी जेवणानंतर घे. व्हिटॅमिन सीची चघळायची गोळी सोडलीस तरी चालेल, दिवसाला लागतं ८० एमजीच्या आसपास, तेवढं आपल्या परसातल्या एका पेरूत मिळतं. मटकीला मोड आणतेस ते सोडू नकोस, मोडामुळे त्यातलं झिंक आणि लोह अंगाला जास्त लागतं, फक्त जेवल्या जेवल्या चहा नको.

आणि फ्लूची लस, मी दोन वर्षं मागे लागलेय. विषाणू बदलत राहतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते, न्युमोनियाचीपण तुमच्या वयाला सांगतातच. सारखी सर्दी होते म्हणून एवढ्या गोळ्या आणता, मग हे का नको?

झिंकची बाटली मी बॅगेत घालून पुण्याला आणलीये, शोधत बसू नका. डीची पुडी या रविवारी घेऊ नका, बाकीचं, शुगरची आणि थायरॉइडची गोळी तर अजिबात, स्वतःच्या मनाने बंद करू नका. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने चिपळूणला येतेय, शनिवारी सकाळी बी१२, डी, कॅल्शियम आणि शुगर सगळं एकदम करून घेऊ, बाबा चहा रक्त देऊन आल्यावरच प्या. मग तो डबा घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जाऊ, डबा तसाच ठेव आई, आवरू नकोस.

तुमची,
ताई