चि. निखिल, ती बाटली आधी फ्रिजवरून उतरव

वेंगुर्ले, रविवार

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तू मधेच फोन ठेवलास. मी पुन्हा लावणार होतो, पण आईने फोन हातातून काढून घेतला. म्हणाली, त्या विषयात आता शिरू नका. नाही शिरत. हे पत्र फक्त तुझ्या पोर्ट वाइनच्या तीन बाटल्यांबद्दल आहे: वर्षानुवर्षं बाटलीत मुरवायची व्हिंटेज, लाकडी पिंपात मुरलेली टॉनी आणि साधी लाल रुबी.

व्हिडिओ कॉलवर तुझ्या पाठीमागे फ्रिजच्या डोक्यावर उभी दिसली ती २०१६ ची व्हिंटेज. ती आजच्या आज खाली उतरव. फ्रिजची गरम हवा तिथेच वर येते, कॉम्प्रेसर चालू-बंद होताना हादरे बसतात, त्यात तुझा फ्लॅट गच्चीखालचा. मे महिन्यात त्या जागी पारा ३५ च्या वर जाणार. वाइन तापली की फुगते, बूच आतून ढकलते आणि कडेने झिरपते. रात्री गार झाली की तीच बाटली बाहेरची हवा आत ओढून घेते. असं रोज होत राहिलं की वाइन शिजते. ताज्या फळाचा वास जातो आणि उकडलेल्या मनुकांसारखा वास येतो. तोंडावरच्या आवरणाच्या कडेला बोट लावून बघ. चिकट लागलं तर ती आता टिकायची नाही, या थंडीतच उघडावी लागेल. कोरडं असेल तर वाचली.

तोवर तिला बेडरूमच्या आतल्या भिंतीच्या कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात आडवी ठेव. बाहेरच्या भिंतीचं कपाट नको, दुपारचं ऊन तिच्यावर येतं. आडवी अशासाठी की बूच ओलं राहावं. टॉनी आणि रुबी मात्र उभ्याच ठेव. त्यांना लांब बूच नसतं, प्लास्टिकच्या डोक्याचं हाताने उघडायचं टोपण असतं, आणि आडव्या ठेवल्या तर तिथून गळतात.

व्हिंटेज इथे घरी आणून ठेवू का, असं तू विचारलं होतंस. आपली बाळंतिणीची खोली काळोखी आहे, चिऱ्याच्या भिंती जाड आहेत, दिवसरात्रीत दोन-तीन अंशांचा फरक पडतो, आणि तापमान असं स्थिर असणं हे निम्मं काम आहे. पण खोली गार नाही, ऐन पावसातसुद्धा २७-२८ अंश असते. व्हिंटेजला १२ ते १५ लागतात. पोर्टची द्राक्षं पोर्तुगालमध्ये डोरो नदीच्या खोऱ्यात पिकतात आणि तिथला उन्हाळा भाजून काढणारा. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पिंपं नदीतून खाली आणून समुद्राजवळ, व्हिला नोव्हा दे गायाच्या वखारींत मुरायला ठेवायचे. त्यांचा किनारा गार आणि दमट, आपला नुसताच दमट. आपल्याकडे वर्ष-दीड वर्ष निघेल, वीस वर्षं नाही. शिवाय पावसाळ्यात लेबलांवर बुरशी येते आणि लाकडी खोक्याला वाळवी लागते. लेबलाभोवती क्लिंग फिल्म गुंडाळ आणि खोकं जमिनीवर टेकवू नकोस.

तिला खरंच २०३६ च्या पुढे न्यायचं असेल तर लहान वाइन कूलर घे, आणि कॉम्प्रेसरवाला घे. बिनकॉम्प्रेसरचा थर्मोइलेक्ट्रिक स्वस्त आणि शांत असतो, पण तो बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशच खाली जातो. रत्नागिरीच्या मे महिन्यात त्याचा उपयोग नाही. १४ वर लाव आणि पुन्हा पुन्हा बदलू नकोस. मागे चार बोटं जागा सोड, स्टॅबिलायझर लाव. खाऱ्या हवेने मागच्या नळ्या गंजतात, तेव्हा दर दोन महिन्यांनी कोरड्या ब्रशने झाडून घे. लाईट गेली तर दार उघडू नकोस, भरलेला कूलर काही तास गारवा धरतो. २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हासारखे दिवसच्या दिवस गेले तर जे व्हायचं ते होईल, पण एरवीचं भारनियमन तो सहज सोसेल.

आणि कूलर आणलास म्हणून तो भरून टाकू नकोस. एकट्या माणसाच्या घरात दहा-बारा बाटल्या हाताशी असणं बरं नव्हे. झालं. एवढंच बोललो.

टॉनीला मात्र वाट बघायला लावू नकोस. तिचं मुरणं लाकडात होतं आणि बाटलीत भरल्या दिवशी ते संपतं. लेबलावरची १० वर्षं म्हणजे वेगवेगळ्या वयाच्या पिंपांचं त्या चवीला आणलेलं मिश्रण. मागच्या लेबलवर बाटलीत भरल्याचं साल बघ, दोन-तीन वर्षांच्या आत प्यायची. रुबीचंही तेच. गोव्यात पोर्ट म्हणून जी गोड लाल वाइन मिळते तीही साठवायची वस्तू नाही. वर्षानुवर्षं सुधारते ती व्हिंटेजच, कारण ती दोन-तीन वर्षांतच पिंपातून न गाळता बाटलीत जाते आणि तिचा सगळा गाळ तिच्याबरोबर राहतो.

टॉनी फ्रिजमधून काढून थोड्या वेळाने ओत, १२-१४ अंशांना. रुबीला अर्धा तास फ्रिज पुरे. पुस्तकात ‘खोलीच्या तापमानाला’ लिहिलेलं असतं ती खोली आपली नव्हे. ३० अंशांना नाकात फक्त स्पिरिट जातं. चिमुकले ग्लास नकोत, साधा वाइनचा ग्लास घे आणि तळाशी ६० मिली ओत. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धर. मध्ये तांबूस आणि कडेला विटकरी, जवळजवळ मधाचा रंग दिसेल. वास भाजलेल्या काजूचा, सुक्या अंजिराचा, संत्र्याच्या सालीचा. तिच्याबरोबर आपले वेंगुर्ल्याचे काजू खा, तेलमीठ न लावता भाजलेले. खाजा, फणसपोळी, बेबिंका, सगळं जमतं. बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी नको. मिरची आणि २० टक्के अल्कोहोल एकत्र आले की तोंडात आगच होते, आणि कोकमाच्या आंबटपणापुढे पोर्ट बिचारी नुसती पाकासारखी लागते.

त्या २० टक्क्यांबद्दल लिहायलाच हवं. द्राक्षाचा रस दोन-तीन दिवस आंबला, निम्मी साखर शिल्लक असली, की त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. आंबणं तिथेच थांबतं. म्हणून ती गोड आणि म्हणून जड. साधी वाइन १२-१४ टक्के, ही १९ ते २२. हिशोब करून बघ. ६० मिली पोर्ट म्हणजे जवळपास व्हिस्कीचा एक छोटा पेग. ७५० ची अख्खी बाटली म्हणजे दोन क्वार्टर व्हिस्की. गोडव्यामुळे ते जिभेला कळत नाही. लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते ती वेगळीच, आणि आपल्या घरात आजोबांकडून काय आलंय ते तुला माहीत आहे.

आता जे गुरुवारी तू म्हणालास, की उघडलेली बाटली वाया जाते म्हणून संपवली. आबाकाकाही हेच म्हणायचे. पडवीत बसून, अगदी शांतपणे. तू त्यांच्या मांडीवर बसून बुचं एकावर एक रचायचास, आणि ती पडली की दोघं हसायचात. ते हसणं मला अजून ऐकू येतं. मी लिहिणार काय होतो आणि लिहितोय काय. रागावू नकोस. तू तिशीत आहेस, मिरकरवाड्याच्या जेट्टीचं काम तू कसं उभं केलंस ते बाबल्या इथे येऊन सगळ्यांना सांगतो, तेव्हा आई उगाच स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते. तुला अक्कल शिकवायला मी बसलेलो नाही.

पण वाया जात नाही, हे तुला नीट कळायला हवं. उघडलेली टॉनी फ्रिजमध्ये टोपण लावून चार आठवडे उत्तम राहते, कारण तिने लाकडात हवा आधीच पचवलेली असते. रुबी आठ-दहा दिवस. नाजूक आहे ती व्हिंटेज, दोन ते तीन दिवस. त्यावरही उपाय आहे. बाटली उघडल्या उघडल्या अर्धी वाइन ३७५ मिलीच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भर, घट्ट बूच लाव आणि फ्रिजमध्ये ठेव. आत हवाच उरली नाही तर आठवडाभर काही बिघडत नाही. म्हणून एकट्याच्या घरी टॉनीच असावी, रोज फार तर ६० मिली, जेवणानंतर, जेवणाऐवजी नव्हे. मृदुला पुण्याला गेल्यापासून तू रात्री जेवतोस की नाही हे मला फोनवरच्या आवाजावरून कळत नाही. पुन्हा तेच. माफ कर.

व्हिंटेज उघडशील तेव्हा दोन दिवस आधी उभी कर, गाळ तळाला बसू दे. बूच जुनं असलं तर स्क्रूने तुटतं. दोन पात्यांचा ओपनर बुचाच्या दोन्ही बाजूंनी आलटून पालटून आत सरकव, मग पिळत वर काढ. मोबाइलचा टॉर्च मानेखाली ठेव आणि एका दमात, न थांबता, सावकाश काचेच्या भांड्यात ओत. मधे थांबून बाटली सरळ केलीस की गाळ ढवळतो. मानेत काळपट धागे दिसले की थांब, शेवटचे दोन घोट गेले तरी चालतील. बूच तुटलंच तर मलमलीतून गाळ, पण मलमल आधी साध्या पाण्यात उकळून घे, साबणाचा वास वाइनला लगेच लागतो. आत्ता, कोवळेपणी उघडलीस तर ओतून दोन-तीन तास तशीच राहू दे, नाहीतर नुसती तुरट लागेल. ती चारजणांची बाटली आहे. आधी कळव, मी आणि आई सकाळच्या गाडीने येऊ, आत्यालाही आणू.

बाबल्या बुधवारी रत्नागिरीला येतोय. त्याच्याबरोबर ओपनर, मलमल आणि ३७५ च्या दोन बाटल्या उकळून पाठवतोय. बुचं तिथे नवीन घे. काजू आईने दिलेत.

आणि फोन कर. रात्री उशिरा केलास तरी मी जागाच असतो.

तुझे
बाबा

ता. क. व्हिंटेजवर पांढऱ्या रंगाचा फराटा असेल तर ती बाजू वर ठेवायची, गाळ समोरच्या बाजूला बसलेला असतो. फराटा नसेल तर लेबल वर. एकदा ठेवलीस की फिरवू नकोस.